‘काहून’चं ‘कानून’

विजू, काल दुपारी पुन्हा ओटीपी आला.

मी दुकानात होतो. समोर एक बाई पाण्याच्या पितळी गुंडाला टिचकी मारून नाद ऐकत होती, मी तिला भाव सांगत होतो, आणि फोन किणकिणला. सहा आकडे. सवयीनं मी बाईंना हातानं थांबवलं आणि स्वतःही थांबलो. कशासाठी? तर तुझ्या फोनसाठी. "भाऊ, आला का? सांग लवकर, पोट्टे बसून राहिले." एवढं कानावर पडल्याशिवाय माझा पुढचा व्यवहारच सुरू होत नाही. तू गेलीस, परवा तुझं पुण्यानुमोदनही झालं. मी स्वतः पंगतीत खीर वाढली, "घ्या अजून, विजूला फार आवडायची," असं धडधडीत खोटं बोललो, कारण खीर तू कधी तोंडात घातली नाहीस. आणि तरी इतवारीच्या भर बाजारात मी तोंड वासून तुझ्या फोनची वाट पाहत उभा.

"गुंड बोलून राहिला भाऊ," बाई म्हणाली, "तुम्हीच काहून मुके झाले?"

फोन आलाच. तुझा नव्हता, तुझ्या शाळेच्या मोठ्या सरांचा होता.

"दादा, एक ओटीपी आला असेल तुमच्याकडे. तेवढा सांगता का? मॅडमचं ते पान उघडायचं आहे. विस्तार अधिकारी साहेब बघायला येणार आहेत. पानाला मॅडमचंच नाव देऊ आपण. फक्त पोरांची भाषा तेवढी शुद्ध करून घेतो. सगळं 'मले'चं 'मला' करून टाकतो."

मी म्हणालो, "सर, नेटवर्क नाही," आणि फोन ठेवला. नेटवर्क होतं. इतकं होतं की फोनच्या डोक्यावरच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या.

तेव्हापासून मला जो राग आला आहे तो उतरलेला नाही. असं काही लिहायला बसताना म्हणे माणसानं मन शांत करावं. मी पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, घराण्याचा ठरलेला गप्पाड्या. लग्न असो, बारसं असो, लोक मला मधोमध बसवतात आणि म्हणतात, हं, होऊ द्या सुरू. पुण्यानुमोदनालाही बसवलं. सगळ्यांना वाटलं, हा आता विजूचे दोन-चार किस्से सांगेल, आपण हसू, मग डोळे पुसू. आणि मी बोललो टॅबवर. शाळेला टॅब दिला, देताना फोटो काढले, पण टॅबमध्ये नेटवर्क कोण घालणार, ह्या विषयावर मी इतका बोललो की भंतेजींनी दोनदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तुझ्या वहिनीनं शेवटी माझा सदरा ओढला. "बसा आता," ती कुजबुजली, "विजू गेली, टॅब नाही."

बसलो. पण मला सांग, मी चुकीचं काय बोललो?

तुझ्या त्या पानाला माझा नंबर कोणी दिला? तूच. तुझ्या स्वतःच्या नंबरावर खिचडीचं अॅप, हजेरीचं अॅप, गणवेशाचं अॅप, शिवाय रोज नवीन काहीतरी भरून पाठवा म्हणणारा ग्रुप. "माझ्या फोनचा जीव गेला भाऊ, तुझा नंबर देऊन ठेवते," असं तू म्हणालीस. विचारलं नाहीस, दिलास. मग काय, रोज ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी तुझा फोन. "आला का?" "कोण?" "ओटीपी वं माय!" मोठ्या भावाला 'वं माय' म्हणणारी बहीण अख्ख्या नागपुरात एकच होती. एकदा घाईत मी तुला ओटीपीऐवजी कुकरवरची किंमत पैशांसकट वाचून दाखवली. तू ती दाबलीस. पान बंद पडलं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तुझी अख्खी चौथी माझ्या नावानं बोटं मोडत बसली.

चिडायचो मी. पण खरं सांगू, गेल्या वर्षभरात आपण दोघं जेवढं बोललो तेवढं त्याआधी कितीतरी वर्षांत बोललो नसू. ओटीपी सांगून झाला की तू फोन ठेवायची नाहीस. पोरांनी काय विचारलं, काटोलवाल्यांनी काय उत्तर दिलं, सगळं मला ऐकावं लागायचं. समोर गिऱ्हाईक कढई घेऊन उभं आणि मी 'हौ, हौ' करतोय.

इकडे तुझी चौथी, वाडीची, गोदामांच्या मागची. कोणाचा बाप ट्रकवर, कोणाचा हमाल, कोणाचा गोदामावर चौकीदार. तिकडे काटोलच्या बाजूची चौथी, संत्र्यावाल्यांची. एका आठवड्याला ह्यांनी प्रश्न टाकायचा, त्यांनी उत्तर शोधायचं, पुढच्या आठवड्याला उलट. आणि उत्तर इंटरनेटवर शोधायचं नाही, असा तुझा नियम! ऐकून मी पोट धरून हसलो होतो.

"मंग इंटरनेट कशाले पायजे?"

"पोचवाले," तू म्हणालीस. "विचाराले माणसाजवळ जा म्हणते मी त्याईले. इंटरनेट पोस्टमन हाय गा, मास्तर नाही."

काटोलच्या पोरांनी विचारलं, ट्रकच्या पाठीमागं इतकं काहून लिहिलेलं असते? तुझी पोरं दोन दिवस गोदामांसमोर फिरली. पाठीमागचं वाचलंच, पण समोरच्या नंबरपाट्याही टिपून आणल्या, आणि कोणत्या राज्याचा ट्रक कोणत्या रस्त्यानं वाडीत येतो ते नकाशावर रेघा मारून पानावर चढवलं. मी ते पान दुकानात नोकराला, गिऱ्हाइकाला, चहावाल्याला दाखवलं. माझंच असल्यासारखं. तुला नाही सांगितलं, चढून बसली असतीस.

आणि मग ते बोलून लिहिणं. पोरांना बोटानं मराठी लिहायला वेळ लागायचा, म्हणून तू त्यांना माईकचं बटण दाखवलंस. फोनसमोर बोला, फोन लिहील. तिथंच माशी शिंकली. फोनला येते पुण्याची मराठी, आणि पोरं बोलतात वाडीची. तुझ्या रोशनीनं पहिलाच प्रश्न बोलला, "संत्रा हिरवा असून गोड काहून लागते?" फोननं लिहिलं, "संत्रा हिरवा असून गोड कानून लागते?" तसंच गेलं ते. काटोलवाल्यांनी बिचाऱ्यांनी मान खाजवली असेल. त्यांचं उत्तर आलं, "आमच्या इकडं संत्र्याले कानून नाही लागत. पाणी लागते."

हे सांगताना तू फोनवर इतकी हसलीस की मला वाटलं, तुला ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून तू नवा धडा काढलास. बोललेलं पाठवायच्या आधी फोननं काय लिहिलं ते मोठ्यानं वाचायचं. एक शब्द जरी वेगळा असला तरी ओरडायचं, "हे मी बोललोच नाही!" आणि बोटानं दुरुस्त करायचं. पोरांना तर काय, वर्गात ओरडायची परवानगी मिळाली. तू ह्याला टेक्नॉलॉजी म्हणायचीस, मी गोंधळ म्हणायचो.

"बटन दाबता तं माकडालेही येते भाऊ. फोननं आपल्या तोंडी काय घातलं ते पाहता आलं पायजे."

इथपर्यंत ठीक होतं. पण फोन 'कानून'सारखा उघड घोळ नेहमी घालायचा नाही. कधी कधी तो गुपचूप काम करायचा. पोरगं 'मले' बोललं की तो 'मला' लिहायचा, 'आमाले'चं 'आम्हाला'. तू तेही पोरांना दुरुस्त करायला लावलंस. 'मला' खोडून 'मले'. तिथं आपलं वाजलं.

रविवार होता, तू आमच्याकडे जेवायला आली होतीस. मी म्हणालो, "अवं, फोन फुकटात सुधरवून देऊन राहिला तं देऊ दे ना. पोट्टे उद्या मोठे होतील, कुठं नोकरी मागायला जातील. तिथं 'मले' म्हणतील तर लोक हसतील. बाबांचं काय झालं ते विसरलीस?"

तू घास ताटात ठेवलास.

बाबांचं काय झालं ते आपण दोघंही विसरलो नव्हतो. कारकून म्हणून नवे लागले तेव्हा मीटिंगमध्ये उभे राहून "मले वाटते साहेब," एवढंच बोलले होते. पुढं काय वाटते ते कोणी ऐकलंच नाही. त्या दिवसापासून ऑफिसात त्यांचं नाव पडलं मलेसाहेब. त्यांनी घरी येऊन कायदा केला, ह्या घरात 'ले' बंद. जेवताना "मले भाजी दे" म्हटलं की बाबा बहिरे व्हायचे. भाजी तिकडं, आपण इकडं. मी लगेच 'मला' म्हणायला शिकलो, कारण भाजी वांग्याची होती आणि माझी तत्त्वं तेव्हाही पोटाच्या खालीच होती. तू कोरडी पोळी खायचीस. पाणी पिऊन खायचीस, पण 'मला' म्हणायची नाहीस. आई मग चुलीआड तुला वाटी द्यायची.

"बाबाले मार बसला," तू त्या रविवारी म्हणालीस, "म्हणून त्याईनं आपल्याले औषध पाजलं. ह्या पोट्ट्याईले अजून कोणी मारलंच नाही भाऊ. आधीच औषध काहून पाजू?"

"मारणार हायत. लोक वाटच पाहून राहिले."

"मंग मारणाऱ्याले औषध पाज ना!"

असं बोलतात का मोठ्या भावाला? मी काहीतरी बोललो, तू काहीतरी बोललीस, तुझ्या वहिनीनं मधे भात आणला. वाद तिथंच राहिला. माझं मत मी बदललेलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. तू मेलीस म्हणून मी माझा मुद्दा सोडावा, असा कुठं नियम नाही. जग जसं आहे तसं आहे, आणि पोरांना त्या जगात भाकरी कमवायची आहे. बाबा चुकले नव्हते. बाबा घाबरले होते, आणि त्यांना घाबरवलं होतं. ह्या दोन्हीत फरक आहे.

पण काल सर 'शुद्ध' म्हणाले ना, तेव्हा माझं डोकं फिरलं. पोरांना 'मला' शिकवा म्हणणं वेगळं, आणि त्यांनी लिहिलेलं शुद्ध करून घेतो म्हणणं वेगळं. ह्या शब्दाशी आपल्या घराचं भांडण तुझ्या-माझ्या जन्माच्या आधीचं आहे. आजोबा गावी होते तेव्हा त्यांच्या हातच्या पाण्याबद्दल, सावलीबद्दल लोक हाच शब्द वापरायचे. छप्पन साली ते नागपुरात आले आणि दीक्षा घेऊन त्यांनी तो हिशेब आपल्यापुरता कायमचा मिटवला. आता त्यांच्या पणतवंडांच्या वयाच्या पोरांच्या तोंडातून निघालेल्या 'काहून'ला धुऊन घ्यायचं आहे? साहेब येणार म्हणून? आणि त्यावर तुझं नाव लावायचं? जिनं वांग्याची भाजी सोडली पण 'मले' सोडलं नाही, तिचं?

मोठे सर वाईट माणूस नाहीत, हाच तर त्रास आहे. वाईट असते तर रागाला टेकायला एक भिंत मिळाली असती. तुला शाळेच्या पायऱ्यांवरून उचलून ऑटोत घालणारे तेच. दवाखान्याच्या बाकड्यावर तुझ्या चपला मांडीवर घेऊन बसलेले तेच.

आणि तू. तुझ्यावर तर मी सगळ्यात जास्त चिडलोय.

जावईबापू आता सांगतात, डॉक्टरांनी तुला हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. तू म्हणालीस, काटोलवाल्यांसंगं व्हिडिओवर बोलणं होऊ दे, मंग जाते. काय होतं ते, सिनेमा होता? तुझ्याशिवाय उद्घाटन होत नव्हतं? आदल्या दिवशी ओटीपी घेताना मला म्हणालीस, "हात लय दुखून राहिला गा. टॅब धरून धरून." म्हणजे रोग तूच ठरवलास, कारणही तूच दिलंस, आणि फोनही तूच ठेवलास. तपासायला कोणी शिकवायचं तुला? पोरांना शिकवलंस की पडद्यावर आलेलं पहिलं उत्तर खरं मानू नका, आणि स्वतःच्या हातानं दिलेलं पहिलं उत्तर खरं मानून मोकळी झालीस! दुसऱ्या दिवशी नेटवर्क फक्त खिडकीत येते म्हणून तोच हात वर करून, टॅब खिडकीला धरून उभी राहिलीस. काटोलची पोरं टाटा करेपर्यंत. मग पायऱ्यांवर जाऊन बसलीस.

लोक म्हणतात, समर्पित शिक्षिका. मी म्हणतो, त्या खिडकीत एक खिळा ठोकून टॅब अडकवला असता तर चाललं नसतं का? खिळा मी आणून दिला असता. माझ्या दुकानात कढया टांगायला भिंतभर खिळे आहेत.

असो. नाही, असो कसलं!

आज सकाळी दुकान उघडलंच नाही. स्कूटर काढली आणि वाडीला गेलो. सरांनी तुझ्याच वर्गात बसवलं. ते सध्या चौथीही सांभाळतात, मधेच उठून पाचवीवर ओरडून येतात. मी म्हणालो, "सर, ओटीपी देतो. पण पान पोरांसमोर उघडा. काय बदलायचं ते त्यांच्यासमोर बदला."

सर उठले. टॅब खिडकीजवळ नेला. नवा ओटीपी आला, मी आकडे वाचले, रोशनीनं दाबले. आणि पान उघडलं तर वरच काटोलचा नवीन प्रश्न, केव्हाचा येऊन पडलेला.

"तुमच्या मॅडम बोलून काहून नाही राहिल्या? रुसल्या का?"

तिकडच्या मॅडमना सगळं माहीत आहे विजू, पण त्यांच्यानं पोरांना सांगवलं नाही. त्यांनी म्हणे सांगून दिलं, वाडीवाल्यांनाच विचारा.

पोरांनी तो दोनदा वाचला. मग फैजान, तो ड्रायव्हरचा, म्हणाला, "उत्तर तं द्याच लागन. आपला नंबर हाय."

सर म्हणाले, "असं लिहा. आमच्या मॅडमचे दुःखद निधन झाले."

"निधन म्हंजे?" मागून कोणीतरी.

"ऑफ झाल्या, लिव," फैजान म्हणाला. "माझा चाचा ऑफ झाला तं सगळे तसंच म्हणे."

"हट्! ऑफ म्हटलं तं त्याईले वाटन फोन ऑफ हाय. मंग ऑन कवा होते विचारन."

"गेल्या म्हणा."

"कोठी गेल्या, विचारन ना बे! त्याईले लय प्रश्न असते."

रोशनी इतका वेळ टॅब धरून उभी होती. म्हणाली, "मेल्या. आमची आजी मेली तवा आमी मेलीच म्हटलं." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत माईक दाबून स्पष्ट बोलली, "आमच्या मॅडम मेल्या."

टॅबनं लिहिलं, "आमच्या मॅडम मिळाल्या."

विजू, कोणी ओरडलं नाही. एवढी ओरडणारी तुझी पोरं, सगळी वाकून त्या तीन शब्दांकडं पाहत राहिली. सरही. मीही. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून यंत्राच्या बाजूनं होतो. म्हटलं, असू दे. जाऊ दे काटोलला तसंच. तिकडं तरी मिळू दे तुला.

मग रोशनी अगदी हळू, नाइलाजानं म्हणाल्यासारखी म्हणाली, "हे मी बोललीच नाही." तिनं ते खोडलं. बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं. त्याच्या आधी दोन शब्द अजून टाकले. "रुसल्या नाही. मेल्या."

पाठवलं.

सरांनी चष्मा काढला. तो पुसला, परत घातला, परत काढला. पानावर बोट फिरवत ते खाली गेले, ट्रकच्या पाट्या, संत्र्याचं कानून, सगळं. मग म्हणाले, "राहू द्या."

"काय?"

"राहू द्या. सगळं असंच राहू द्या. साहेबांले मी पाहून घेतो."

मी खूश व्हायला हवं होतं ना? ह्यासाठीच तर दुकान बंद ठेवून आलो होतो. पण माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी कुठं आहे, कोणासमोर आहे, कशाचं भान राहिलं नाही.

"हे शब्द होते तुमच्याजवळ, तं वर्षभर कोठी ठेवले होते सर? ती तुमाले म्हणून म्हणून थकली, पोट्ट्याईची बोली राहू द्या! तवा काहून नाही म्हटलं? मराची गरज होती का तिले? आन ते येडी! दवाखान्यात जाय म्हटलं तं काटोलचा प्रश्न! अर्धा वाद टाकून गेली. मले भांडाचं होतं तिच्यासंगं. मले आता कोण फोन करन?"

सर खाली पाहत होते. पोरं माझ्याकडं पाहत होती. मग फैजाननं माझ्या बाहीला हात लावला.

"काका, माईक चालू हाय."

पुढचं वाक्य बोलायला म्हणून त्यानं आधीच बटण दाबून ठेवलं होतं. माझं सगळं ओरडणं त्या टॅबनं लिहून काढलं होतं.

"खोडून टाक बाबा," मी म्हणालो.

"आधी वाचा लागते," फैजान म्हणाला. "मॅडमचा नियम हाय. वाचल्याशिवाय खोडता नाही येत, पाठवताही नाही येत."

मी चष्मा लावला. वरचं बरंचसं काहीच्या बाही होतं. तुझी बोली दुरुस्त करणाऱ्या यंत्रानं माझ्या रागाचा पार भुगा केला होता. पण शेवटच्या दोन ओळी तेवढ्या नीट उमटल्या होत्या. मी मोठ्यानं वाचू लागलो आणि अर्ध्यात थांबलो.

"मेले भांडाचं होतं तिच्यासंगं. मेले आता कोण फोन करन."

"हे तुमी बोलले का?" रोशनीनं विचारलं.

"नाही."

"मंग काय बोलले? मला का मले?"

मी तिच्याकडं पाहिलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. विजू, मी आयुष्यभर गिऱ्हाइकांशी, साहेबांशी, सुनांशी 'मला' बोललो. बाबांचा मी आज्ञाधारक मुलगा.

"जे बोललो ते," मी म्हणालो, आणि 'म'च्या डोक्यावरची मात्रा काढायला बोट टेकवलं. माझं बोट जाड, मात्रा बारीक. मात्रेऐवजी अख्खा शब्दच उडाला. पोरं हसली. मग त्यांनीच मला तो परत लिहायला शिकवला, म, ल, ल वर एक मात्रा, बस काका. दोन्ही ठिकाणी. वरचा भुगा रोशनीनं खोडला, त्या दोन ओळी मात्र ठेवल्या, आणि मी नको म्हणायच्या आत फैजाननं पाठवून दिलं.

तेव्हा आपला वाद काही मिटला नाही, हे लक्षात ठेव. पोरांना 'मला' यायलाच पाहिजे, हे मी अजूनही म्हणतो, उद्याही म्हणेन. पण तुझ्या पानावर आता माझ्याही दोन ओळी आहेत, आणि त्या तुझ्या बाजूच्या आहेत. भांडायला तू नाहीस म्हणून गेल्या त्या तिकडं. तू असतीस तर मी जाऊ दिल्या नसत्या.

ह्याचा मले लय राग आहे वं विजू.